सोसणे आणि सहनशीलता : मराठी ख्रिस्ती परंपरेतील एका शब्दाचा शोध

चिडक्या माणसाबद्दल आपण म्हणतो, ‘त्याचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो.’ रागाचे बिऱ्हाड नाकावर असते, ही कल्पना केवळ मराठी नाही. बायबलमधील जुना करार ज्या हिब्रू भाषेत लिहिला गेला, तिच्यात ‘अफ’ या एकाच शब्दाचे नाक आणि राग असे दोन्ही अर्थ होतात. देव लवकर रागावत नाही असे सांगताना ती भाषा ‘एरेख अप्पायिम’ असा शब्दप्रयोग करते. त्याचा शब्दशः अर्थ ‘लांब नाकाचा’. ज्याचा राग शेंड्यापर्यंत पोहोचायला वेळ लागतो, तो.

नव्या कराराची भाषा ग्रीक. तिच्यात याच गुणाला ‘माक्रोथुमिया’ म्हणतात. ‘माक्रोस’ म्हणजे लांब आणि ‘थुमोस’ म्हणजे राग, मनाचा क्षोभ. ग्रीकमध्ये आणखी एक शब्द आहे, ‘हुपोमोने’. त्याचा अर्थ ओझ्याखाली टिकून राहणे. ढोबळमानाने पाहिले तर पहिला शब्द त्रासदायक माणसांच्या संदर्भात येतो आणि दुसरा त्रासदायक परिस्थितीच्या. दुष्काळात, आजारपणात लागतो तो धीर वेगळा. रोज टोचून बोलणाऱ्या शेजाऱ्यापुढे, संतापी नवऱ्यापुढे किंवा आडमुठ्या वरिष्ठापुढे लागतो तो वेगळा.

मराठी बायबलने पहिल्या गुणासाठी ‘सहनशीलता’ हा शब्द घेतला. शब्द योग्यच आहे. पण रोजच्या मराठीत ‘सहन करणे’ आणि ‘सोसणे’ यांच्यातली रेघ पुसट झाली आहे. ‘सोशीक’ हे विशेषण आपण कुणाला लावतो ते पाहावे: सुनेला, गाईला, धरणीला. म्हणजे ज्यांना उलट बोलण्याची सोय नाही त्यांना. सासऱ्याला किंवा सावकाराला कुणी सोशीक म्हटल्याचे ऐकिवात नाही. त्यामुळे चर्चमधल्या प्रवचनात ‘सहनशील व्हा’ असे शब्द येतात तेव्हा ऐकणाऱ्यांपैकी काहींना ते ‘गप्प बसा’ असेच ऐकू येतात. ख्रिस्ती शिकवणीत या शब्दाचा मूळ अर्थ काय होता आणि मराठी ख्रिस्ती माणसांनी तो प्रत्यक्षात कसा जगून दाखवला, याचा शोध या लेखात घ्यायचा आहे. कराडच्या वाचकांना या शोधातला एक मुक्काम जवळचा आहे. कृष्णा कराडला पोहोचण्याआधी ज्या साताऱ्याजवळून येते, तेथेच रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी आयुष्याच्या अखेरच्या काळातला आपला प्रयोग मांडला होता.

एकाच अध्यायातील दोन सूचना

मत्तयाच्या शुभवर्तमानातला अठरावा अध्याय या विषयावर सर्वांत जास्त वापरला जातो. पेत्र येशूला विचारतो की, माझ्या भावाने अपराध केला तर मी त्याला किती वेळा क्षमा करावी, सात वेळा पुरे का? उत्तरात येशू साताला सत्तरांनी गुणतो. म्हणजे मोजणे सोडून दे असे सांगतो. पुढे तो एक दाखला देतो. एका चाकराला त्याच्या राजाने दहा हजार तालांतांचे, म्हणजे जन्मात न फिटणारे कर्ज माफ केले. त्याच चाकराने बाहेर पडताच आपल्या सोबत्याला शंभर दीनारांसाठी गळा धरून तुरुंगात घातले. दीनार म्हणजे त्या काळची मजुराची एका दिवसाची मजुरी. दाखल्याचा रोख स्पष्ट आहे. दुसऱ्याला सहन करायचे ते आपल्यालाही कुणीतरी सहन केले आहे म्हणून.

मात्र हाच अध्याय थोडा आधीपासून वाचला तर दुसरी सूचना भेटते. भावाने अपराध केला तर त्याच्याकडे एकट्याने जा आणि त्याला त्याची चूक दाखव. ऐकले नाही तर एक-दोन जणांना बरोबर घे. तरीही ऐकले नाही तर मंडळीपुढे मांड. ही जवळजवळ तंटा मिटवण्याची कार्यपद्धतीच आहे. क्षमेची अमर्याद शिकवण आणि तक्रारीची पायरीपायरीची रीत या दोन गोष्टी एकाच अध्यायात शेजारी शेजारी आहेत. प्रवचनांत बहुधा दुसरा भाग येतो आणि पहिला राहून जातो.

येशूचे स्वतःचे वागणेही याच वळणाचे आहे. योहानाच्या शुभवर्तमानात महायाजकापुढे चौकशी चालू असताना एक शिपाई त्याला चपराक मारतो. येशू उलट मारत नाही, पण गप्पही राहत नाही. मी चुकीचे बोललो असेन तर ते सिद्ध कर आणि बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस, असा सरळ प्रश्न तो विचारतो. दुसरा गाल पुढे करण्याची शिकवण देणारा माणूस चपराक बसल्यावर प्रश्न विचारतो, हे लक्षात घेतले पाहिजे. पौलानेही थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिताना सगळ्यांना एकच औषध दिलेले नाही. जे शिस्त सोडून वागतात त्यांना ताकीद द्या, जे खचले आहेत त्यांना धीर द्या, जे दुबळे आहेत त्यांना आधार द्या, असे सांगून मग तो सर्वांशी सहनशीलतेने वागायला सांगतो. म्हणजे ताकीद देणेही सहनशीलतेच्या आत बसते.

ही मिरास एकट्या ख्रिस्ती धर्माची नाही. अंगावर पुनःपुन्हा थुंकणाऱ्या माणसामुळे पुनःपुन्हा गोदावरीत स्नान करणाऱ्या एकनाथांची कथा मराठी मनात खोल रुजली आहे. कराडजवळच्या टेंभूत १८५६ साली जन्मलेले गोपाळ गणेश आगरकर तर देव मानणारेही नव्हते. पुण्यात त्यांच्या जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली गेली, तरी त्यांनी लेखणी खाली ठेवली नाही. ख्रिस्ती शिकवणीचे वेगळेपण आहे ते कारणात. एकनाथांच्या कथेत शांती ही साधुत्वाची खूण आहे, आगरकरांच्या ठायी ती विवेकाची आणि तत्त्वनिष्ठेची. दाखल्यातल्या चाकराला मात्र साधू किंवा धीरोदात्त व्हायला सांगितलेले नाही. तू कर्जदार आहेस हे विसरू नकोस, एवढेच त्याला सांगितले आहे.

मोनिकेचा सल्ला

इतिहासात या शिकवणीचा गैरवापर कसा होत गेला याचे एक जुने उदाहरण खुद्द एका संताच्या पुस्तकात आहे. संत ऑगस्टिनने इसवी सनाच्या चौथ्या शतकाच्या अखेरीस ‘कन्फेशन्स’ हा आत्मचरित्रात्मक ग्रंथ लिहायला घेतला. त्याच्या नवव्या भागात तो आपली आई मोनिका हिचे वर्णन करतो. तिचा नवरा पॅट्रिशियस उदार, पण भडक डोक्याचा होता. तो रागात असताना मोनिका काही बोलत नसे; राग ओसरला की मग आपली बाजू समजावून सांगत असे. येथवर यात शहाणपण आहे. पुढे मात्र ऑगस्टिन सांगतो की, नवऱ्यांच्या माराच्या खुणा तोंडावर घेऊन गाऱ्हाणी सांगणाऱ्या बायकांना मोनिका लग्नाच्या कराराची आठवण देई: त्या कराराने आपण दासी झालो आहोत, तेव्हा धन्यापुढे मान वर करू नये. ऑगस्टिनला यात आईचा गौरव दिसतो. आज वाचताना मात्र सहनशीलता नेमकी कोणत्या वळणावर गुलामगिरीच्या वाटेला लागली ते दिसते.

ही वाट फक्त जुन्या ग्रंथांत उरलेली नाही. भारतातल्या ख्रिस्ती दांपत्यांना लागू असलेला घटस्फोटाचा कायदा १८६९ सालचा. त्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध करणे पुरेसे होते. बायकोला मात्र नुसता छळ किंवा नुसता व्यभिचार दाखवून भागत नसे, व्यभिचाराला छळाची किंवा टाकून देण्याची जोड दाखवावी लागे. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने या विषमतेवर बोट ठेवले आणि २००१ मध्ये संसदेने कायदा बदलला. तोपर्यंत एकशे तीसहून अधिक वर्षे ‘सोस’ हा सल्ला नुसता नातेवाइकांचा नव्हता, कायद्याचाही होता.

संतापी नवऱ्याची बोलकी बायको

मोनिकेसारखाच प्रसंग मराठीत ज्या बाईवर आला, तिने तो पार वेगळ्या रीतीने निभावला. लक्ष्मीबाई टिळक १८६८ साली जन्मल्या. नाशिकजवळच्या जलालपूरचे गोखले हे त्यांचे माहेर. अकराव्या वर्षाच्या आसपास त्यांचे लग्न नारायण वामन टिळकांशी झाले. टिळक प्रतिभावान कवी, सढळ हाताचे, विलक्षण प्रेमळ; आणि तितकेच तापट व लहरी. घरात न सांगता निघून जाणे, नोकरी धरणे आणि सोडणे, हातात आलेला पैसा घरातल्या गरजा न पाहता दुसऱ्याला देऊन टाकणे हे त्यांचे नित्याचे होते. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. त्या काळच्या ब्राह्मण घरातल्या बाईच्या दृष्टीने नवरा जिवंत असून संसार मोडला. लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या.

हा सगळा काळ त्यांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये लिहून ठेवला आहे. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत आलेले हे पुस्तक मराठी आत्मचरित्रांतले शिखर मानले जाते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईंनी त्यात नवऱ्याचा एकही दोष झाकलेला नाही आणि एकाही दोषावर विष ओतलेले नाही. संताप येईल अशा प्रसंगांतूनही त्या विनोद काढतात. हा विनोद दुःख लपवण्यासाठी नाही, कारण दुःखही त्यांनी तितक्याच उघडपणे सांगितले आहे. आणि त्या बोलतात. टिळकांशी वाद घालतात, रुसतात, फटकारतात, आपले म्हणणे सोडत नाहीत. मोनिकेच्या सल्ल्यातली ‘दासी’ या पुस्तकात कुठेच सापडत नाही.

येथे सहनशीलतेची एक ओळख पटते. सोसणाऱ्या माणसाची स्मरणशक्ती हळूहळू मुकी होते. काय झाले ते तो स्वतःलाही सांगेनासा होतो. लक्ष्मीबाईंना सगळे आठवते, त्या सगळे सांगतात, आणि तरीही समोरच्या माणसाला त्याच्या दोषांएवढाच लहान करून ठेवत नाहीत. टिळकांचा संताप आणि टिळकांचे औदार्य ही एकाच माणसाची दोन अंगे आहेत, हे त्यांनी अखेरपर्यंत नजरेआड होऊ दिले नाही. लांब नाक म्हणतात ते हेच असावे.

त्रासदायक कोण?

या कथेचे दुसरे अंग फारसे लक्षात घेतले जात नाही. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई अहमदनगर परिसरात टिळकांजवळ राहायला आल्या, त्या बाप्तिस्मा घेण्यासाठी नव्हे. त्यांनी आपले सोवळे, आपला स्वयंपाक, आपले पाणी वेगळे ठेवले. त्या भागातल्या ख्रिस्ती वस्तीत अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतून आलेली माणसे बहुसंख्य होती. म्हणजे ज्या विटाळाच्या कल्पनेपासून सुटण्यासाठी त्यांनी किंवा त्यांच्या आईबापांनी धर्म बदलला होता, तीच कल्पना आता पाद्र्याच्या बायकोच्या रूपाने त्यांच्यात वावरत होती. त्या वस्तीच्या दृष्टीने त्रासदायक व्यक्ती कोण असेल तर ती लक्ष्मीबाईच.

त्यांच्यावर कुणी सक्ती केली नाही. टिळकांसारख्या उतावळ्या माणसानेही या बाबतीत थांबणे पत्करले. देवाने माणसे केली, जाती केल्या नाहीत, हे लक्ष्मीबाईंना स्वतःच्याच विचाराने पटले तेव्हा सोवळे गळून पडले, बाप्तिस्मा त्यानंतरचा. पुढे त्याच वस्तीतली माणसे आणि मुले त्यांच्या घरची झाली.

टिळक थांबले यात त्यांचा मोठेपणा आहेच. पण त्यांच्या थांबण्याची किंमत शेजारी मोजत होते. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या दूर उभे केले त्यांनीच आणखी एकदा समजून घ्यायचे, हा न्याय नव्हे. सहनशीलतेचा उपदेश करताना हे भान सुटू नये: तो उपदेश वरून खाली केला की त्याचे सोसणे होते. समाजात ज्याचा हात वर आहे त्याने आधी थांबायचे असते, आणि ज्याला आजवर थांबवले गेले त्याचे ऐकून घ्यायचे असते. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकाचे मोल असे की, स्वतःच्या सोवळ्याच्या त्या दिवसांवरही त्यांनी नवऱ्याच्या तऱ्हेवाईकपणाइतकाच मोकळा विनोद केला आहे. दुसऱ्याला सहन करण्याची ताकद बहुधा आपणही कुणाला तरी जड गेलो होतो या आठवणीतून येते. दाखल्यातला चाकर नेमके हेच विसरला.

रमाबाई आणि सिस्टर जेराल्डिन

घरातल्या माणसाशी वाद घालणे वेगळे आणि उपकारकर्त्याशी वाद घालणे वेगळे. पंडिता रमाबाईंवर दुसरी वेळ आली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वॉन्टेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. तेथील मठातल्या सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता. परक्या देशात लहान मुलगी घेऊन राहणाऱ्या विधवेला त्यांनी आसरा दिला, माया दिली. आणि त्याबरोबर पूर्ण आज्ञापालनाची अपेक्षाही ठेवली. पुढे चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात रमाबाईंनी पुरुषांना शिकवण्याला धर्माधिकाऱ्यांनी हरकत घेतली. त्रैक्याचे तत्त्व, चर्चची मते, मुलगी मनोरमा हिचे धर्मशिक्षण, इतकेच काय रमाबाईंचा शाकाहार, प्रत्येक गोष्टीवरून पत्रे झडली. सिस्टरना रमाबाईंच्या वागण्यात गर्व दिसे.

रमाबाईंच्या उत्तरांत कृतज्ञता आहे, ‘आजीबाई’सारखी जवळीक आहे आणि ठाम नकारही आहे. मोठ्या कष्टाने मी भारतातल्या पुरोहितांच्या जोखडातून मान सोडवली आहे, आता तसेच दुसरे जोखड मानेवर घेणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. ख्रिस्ताला त्यांनी सोडले नाही, सिस्टरना तोडले नाही आणि आपली सदसद्विवेकबुद्धीही कुणाकडे गहाण टाकली नाही. १८८९ मध्ये भारतात परतून त्यांनी शारदा सदन काढले, पुढे केडगावला मुक्ती सदन उभे केले. कुणाच्या आज्ञेने नव्हे, स्वतःच्या निर्णयाने.

या वादाचा शेवट बोलका आहे. रमाबाईंची ही पत्रे जपून ठेवली, जुळवली, ती स्वतः सिस्टर जेराल्डिन यांनीच. १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ती प्रसिद्ध केली. जिच्याशी पटले नाही तिचा शब्दन्‌शब्द सांभाळून ठेवणे हीसुद्धा सहनशीलतेचीच एक रीत म्हटली पाहिजे. मतभेद दोघींनीही मिटवले नाहीत. नाते मात्र पत्रव्यवहाराच्या धाग्यावर टिकले.

साताऱ्यातला दरबार

आता साताऱ्याकडे येऊ. टिळकांनी धर्मांतरानंतर वीसहून अधिक वर्षे अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केले. मिशनऱ्यांशी त्यांचे प्रेमाचे संबंध होते आणि मूलभूत मतभेदही होते. चर्चची सत्ता परदेशी हातांत असावी, उपासनेचा पेहराव विलायती असावा, हे त्यांना खटकत होते. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो असे मानणाऱ्या या कवीने मंडळीला मराठी भजने दिली, कीर्तने दिली, ‘ज्ञानोदय’चे मराठी संपादन केले. म्हणजे मतभेद असतानाही वीस वर्षे आतून काम केले. १९१७ मध्ये मात्र त्यांनी मिशनची पगारी चाकरी सोडली, साताऱ्याला बिऱ्हाड केले आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताचे अनुयायी म्हणवणारे सारे त्यात एकत्र बसू शकत होते. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले आणि हा प्रयोग अपुराच राहिला.

घरात एवढ्या तेवढ्यावरून पेटणारा माणूस संस्थेशी मात्र इतकी वर्षे धीराने वागला, यात विसंगती आहे आणि ती मानवी आहे. सहनशीलता हा माणसाचा एकसंध स्वभाव नसतो. कुठे ती साधते, कुठे साधत नाही. शिवाय टिळकांच्या जाण्यातून आणखी एक गोष्ट कळते. बाहेर पडणे म्हणजे सहनशीलता संपणे नव्हे. शत्रुत्व न धरता, दार उघडे ठेवून अंतर राखता येते. मारझोड होणाऱ्या घरातून माहेरी किंवा आश्रयगृहात गेलेली, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली संरक्षण मागणारी ख्रिस्ती स्त्री क्षमेच्या शिकवणीविरुद्ध काहीही करत नसते. ती मत्तयाच्या अठराव्या अध्यायातलीच रीत पाळत असते: एकट्याने सांगून झाले, आता साक्षीदारांपुढे मांडते आहे. तिला परत पाठवण्याची घाई करणाऱ्या पाळकाने तो अध्याय पुन्हा एकदा, आणि मधूनच नव्हे तर सुरुवातीपासून, वाचावा.

या तिन्ही उदाहरणांवरून सोसणे आणि सहनशीलता यांतली रेघ पुन्हा ठळक करता येते. सोसण्यात खरे बोलणे थांबते. सहनशीलतेत ते चालू राहते, फक्त राग ओसरण्याची वाट पाहिली जाते. सोसण्यात समोरच्याने बदलावे ही आशा सुटलेली असते. सहनशीलतेत ती शाबूत असते, म्हणूनच वाट पाहण्याला अर्थ असतो. सोसणारा स्वतःला लहान करत नेतो. सहनशील माणूस स्वतःलाही लहान करत नाही आणि त्रास देणाऱ्यालाही.

टिळकांनी येशूचे चरित्र ओवीबद्ध करण्यासाठी ‘ख्रिस्तायन’ लिहायला घेतले होते. त्यांच्या हातून थोडेच अध्याय झाले. पुढचे कितीतरी अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहून ते काव्य पुरे करत आणले. उतारवयात एकाच लेखणीने त्या दोन कामे करत होत्या. ‘ख्रिस्तायन’मध्ये त्या नवऱ्याचे अपुरे स्वप्न पुढे नेत होत्या, आणि ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्याच नवऱ्याने दिलेला त्रास जसाच्या तसा नोंदवत होत्या.